जमीन-प्लॉटची दलाली करताय? महारेराची एजंट परीक्षा आणि तिची तयारी

परभणीत जिंतूर रोड, वसमत रोड किंवा गंगाखेड रोडने शहराबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना प्लॉटिंगचे बोर्ड दिसतात. मानवत, पाथरी, सेलू, पूर्णा या तालुक्यांच्या गावांतही हेच चित्र आहे. या धंद्यात आपल्या समाजातील बरीच मुलं आहेत. कुणाचं मोबाईलचं दुकान असतं आणि सोबत ‘प्लॉटचं काम’ चालतं, तर कुणी पूर्ण वेळ दलालीच करतो. काम तोंडी, भरोशावर आणि ओळखीवर चालतं. पण कायद्याने या कामासाठी आता प्रशिक्षण, परीक्षा आणि नोंदणी लागते, हे अनेकांना ठाऊक नाही. त्यांच्यासाठी ही माहिती.

कायदा काय आहे?

केंद्राचा स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम २०१६ सालचा आहे. लोक त्याला ‘रेरा’ म्हणतात. तो १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्रात स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, म्हणजे महारेरा, स्थापन झालं. मुख्य कार्यालय मुंबईत आहे, पण अर्ज, नोंदणी आणि प्रकल्पाची माहिती हे सगळं वेबसाइटवर होतं. परभणीत बसूनही हे काम करता येतं.

या कायद्याचं कलम ९ दलालांसाठी आहे. नियोजन क्षेत्रातल्या नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट, दुकान किंवा प्लॉट विकून द्यायचा असेल, तर एजंटकडे स्वतःचा महारेरा नोंदणी क्रमांक हवा. कलम १० एजंटची कर्तव्यं सांगतं: नोंदणी नसलेल्या प्रकल्पातलं काही विकायचं नाही, हिशेबाच्या वह्या ठेवायच्या, खोटी जाहिरात करायची नाही आणि बुकिंगच्या वेळी ग्राहकाला त्याच्या हक्काची माहिती व कागदपत्रं मिळवून द्यायची.

नियम मोडला तर कलम ६२ लागतं. दंड दररोज १० हजार रुपये, आणि तो ज्या मालमत्तेचा व्यवहार केला तिच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. हिशेब करून पाहा. प्लॉट २० लाखांचा असेल तर ५ टक्के म्हणजे १ लाख. दहा दिवसांत तिथपर्यंत पोहोचतो. दलालीत जे मिळालं ते जाऊन वर खिशातून भरायची वेळ येईल.

प्लॉटिंगलाही रेरा लागतो का?

हो. ‘आम्ही बिल्डिंगचं नाही, फक्त प्लॉटचं काम करतो’ असं पुष्कळ जण सांगतात. पण जमीन प्लॉट पाडून विकणं हाही कायद्याच्या भाषेत स्थावर संपदा प्रकल्पच आहे. सूट फक्त लहान प्रकल्पांना आहे: जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा सगळे टप्पे मिळून सदनिका आठपेक्षा जास्त नसतील. ५०० चौरस मीटर म्हणजे पाच गुंठ्यांपेक्षा जरासं कमीच. एकरात ४० गुंठे असतात. म्हणजे एक-दोन एकरांची प्लॉटिंग या सुटीत बसत नाही.

एखाद्याने स्वतःचा जुना प्लॉट दुसऱ्याला विकला आणि तुम्ही मध्ये होता, तर तो विकासकाच्या प्रकल्पातला व्यवहार नाही. कलम ९ विकासक विकत असलेल्या नोंदणीकृत प्रकल्पाबद्दल आहे. हा फरक परीक्षेसाठीही नीट समजून घ्या.

परीक्षा कधीपासून आली?

आधी एजंटला फी भरून नोंदणी मिळत होती. १० जानेवारी २०२३ च्या आदेशाने महारेराने एजंटसाठी प्रशिक्षण आणि सक्षमता प्रमाणपत्र बंधनकारक केलं. पहिली परीक्षा २० मे २०२३ रोजी झाली. जुन्या एजंटांना मुदत वाढवून देण्यात आली, शेवटची तारीख १ जानेवारी २०२४ होती. त्यानंतरही प्रमाणपत्र सादर न केलेल्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी महारेराने २०२४ मध्ये स्थगित केली. त्यामुळे ‘माझ्याकडे जुना नंबर आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहू नका. आपल्या नोंदणीची स्थिती वेबसाइटवर तपासा.

पायऱ्या कोणत्या?

१. प्रशिक्षण. महारेराने मान्यता दिलेल्या संस्थेकडून २० तासांचं प्रशिक्षण घ्यायचं. वेबसाइटवर संस्थांची यादी आहे. ऑनलाइन वर्गही होतात, त्यामुळे पुण्या-मुंबईला जाऊन राहायची गरज नाही. घर सांभाळून काम करू इच्छिणाऱ्या आपल्या बहिणींनाही हे जमण्यासारखं आहे.

२. परीक्षा. ती आयबीपीएस ही संस्था घेते, तीच जी बँकांच्या भरतीची परीक्षा घेते. संगणकावर पर्यायी उत्तरांचे प्रश्न असतात. तारीख, केंद्रं आणि फी प्रत्येक वेळच्या सूचनेत दिलेली असते, ती तिथूनच वाचा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजवर विसंबू नका.

३. नोंदणी. प्रमाणपत्र मिळाल्यावर एजंट म्हणून अर्ज करायचा. पॅन, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि मागच्या तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रं लागतात. विवरणपत्र भरणं लागू नसेल तर तसं घोषणापत्र द्यायचं. नोंदणी पाच वर्षांसाठी असते, पुढे नूतनीकरण करावं लागतं.

काय वाचायचं?

पाठांतरापेक्षा आकडे आणि त्यामागचं कारण लक्षात ठेवा. वहीत हे मुद्दे स्वतःच्या हाताने उतरवून काढा:

• चटई क्षेत्र: घरातली वापरायची जागा. आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत.
• कलम १३: नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.
• कलम ४: ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या बँक खात्यात ठेवायचे, ते त्या प्रकल्पाची जमीन आणि बांधकाम यांसाठीच वापरायचे.
• कलम १४: नकाशात मोठा बदल करायचा असेल तर दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर दुरुस्ती विकासकाच्या खर्चाने.
• कलम १८: वेळेवर ताबा नाही तर ग्राहकाला पैसे व्याजासह परत मागता येतात, किंवा प्रकल्पात राहून उशिराचं व्याज घेता येतं. महाराष्ट्राच्या नियमांत हा दर स्टेट बँकेच्या सर्वात जास्त एमसीएलआरपेक्षा २ टक्के अधिक आहे.
• कलम ३१ प्रमाणे तक्रार, आणि आदेश मान्य नसेल तर ६० दिवसांत अपील न्यायाधिकरणाकडे दाद.

सरावासाठी तीन प्रश्न

प्रश्न: फ्लॅट ३० लाखांचा आहे. विकासक करारनाम्याआधी ५ लाख मागतो. बरोबर का?
उत्तर: नाही. १० टक्के म्हणजे ३ लाखांपर्यंतच घेता येतात.

प्रश्न: नोंदणी नसलेल्या दोन एकरांच्या लेआउटची जाहिरात एजंटने स्टेटसला ठेवली. चालेल का?
उत्तर: नाही. नियोजन क्षेत्रात नोंदणीआधी जाहिरात, बुकिंग, विक्री काहीच करता येत नाही. विकासकावर कलम ५९ आणि एजंटवर कलम ६२ येऊ शकतं.

प्रश्न: विकासकाने ग्राहकाला सांगितलं, ‘बाल्कनी धरून ६०० फूट कार्पेट’. चूक कुठे?
उत्तर: बाल्कनी चटई क्षेत्रात येत नाही.

रोज एक तास दिला तर प्रशिक्षणानंतर तीन-चार आठवडे पुरेसे आहेत. दोघं-तिघं मिळून एकमेकांना प्रश्न विचारा. संज्ञा मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही माहीत असू द्या. करारनामे आणि वेबसाइटवर दोन्ही भेटतात.

मराठवाड्यात आणखी काय पाहायचं?

परीक्षा सगळ्या राज्याला एकच आहे. पण आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे इथल्या जमिनींच्या कागदांत इनाम, कूळ आणि वक्फ यांच्या नोंदी वारंवार भेटतात. ग्राहकाला जमीन दाखवण्याआधी सातबारा घ्या आणि ‘इतर हक्क’ हा रकाना सोडू नका. भोगवटादार वर्ग २ लिहिलं असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री अडते. जुने फेरफार काढून मालकी कशी बदलत आली ते पाहा. अकृषिक परवानगी आणि मंजूर लेआउट मागा. गुंठ्यातला व्यवहार असेल तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा आड येतो का, हे दस्त करण्याआधी विचारा.

वक्फच्या बाबतीत जास्तच जपायला हवं. मशीद, दर्गा, कब्रस्तान यांना दिलेली जमीन कुणी आपल्या नावाची सांगून विकली तरी ती विक्री कायद्याने मुळातच रद्दबातल आहे. घेणाऱ्याचे पैसे बुडतात आणि अमानतीतली जमीन हातची जाते. आपलाच माणूस मध्ये दलाल असेल तर दोन्हीकडचा दोष त्याच्यावर येतो. वक्फ मंडळाच्या यादीशी गट क्रमांक ताडून पाहायला फार वेळ लागत नाही.

ग्राहकांसाठी

घर-प्लॉट घेणाऱ्यांनी एजंटला दोन गोष्टी विचाराव्यात: तुमचा महारेरा क्रमांक काय, आणि प्रकल्पाचा क्रमांक काय. दोन्ही वेबसाइटवर टाकून पाहावेत. नातेवाईक असला तरी विचारावं, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. इसाराची रक्कम चेकने किंवा बँकेतून द्यावी, पावती घ्यावी. किती टक्के कमिशन आणि ते कोण देणार, हेही आधीच लिहून घ्यावं.

गल्फमध्ये दहा-पंधरा वर्षं राबून जमवलेला पैसा असो की मुलीच्या लग्नासाठी ठेवलेला, एका चुकीच्या प्लॉटमध्ये तो अडकला की घर वर्षानुवर्षं सावरत नाही. त्या घराला आधी भेटतो तो एजंट. तो शिकलेला आणि नोंदणीकृत असेल, तर चुकीचा कागद पैसे देण्याआधीच पकडला जाईल.