रूळ गेले, वाट राहिली

1999. तुमचं वय साठ. जपानच्या फुकुई प्रांतात, एइहेइजीच्या स्टेशनात तुम्ही उभे आहात. मागे डोंगरात दोगेन या झेन गुरूंनी 1244 साली स्थापलेला मठ. समोर छोटी रेल्वे, 1925 पासून याच मार्गावर धावणारी. तुम्ही चालकाला मान लववता, तोही लववतो.

डिसेंबर 2000. या मार्गावरच्या गाडीचे ब्रेक निकामी होतात, ती समोरून येणाऱ्या गाडीवर आदळते. चालक दगावतो. सहा महिन्यांनी शेजारच्या मार्गावर पुन्हा टक्कर होते आणि सगळ्याच गाड्या थांबतात. पुढे शेजारचे मार्ग सुरू होतात, तुमचा मात्र 2002 मध्ये कायमचा बंद होतो. रूळ निघतात, उरते मोकळी वाट.

मे 2023. आता तुम्ही चौऱ्याऐंशीचे. मोटार चालवायचं लायसन्स स्वतःहून परत करून आलात, कारण हात थरथरतात. त्याच वाटेवर गोल्फ कार्टसारखी सात आसनांची गाडी येऊन थांबते. चालकाची जागा रिकामी. सवयीने मान लववता आणि स्वतःशीच हसता.

गाडी निघते. स्टिअरिंग आपोआप वळतं, कारण वाटेखाली पुरलेली तार गाडीला दिशा देते. वेग ताशी 12 किलोमीटर, म्हणजे सायकलवाला सहज पुढे जाईल. दूर एका खोलीत एकच माणूस अशा तीन गाड्यांवर नजर ठेवतो. माणूस आत नसताना अशी सेवा चालवायला जपानच्या कायद्याने एप्रिलमध्येच वाट मोकळी केली. पहिली गाडी धावली ती इथे, जेमतेम दोन किलोमीटर.

ऑक्टोबर. वाटेकडेला उभी केलेली सायकल गाडीला ओळखता येत नाही, धक्का लागतो. कुणाला इजा नाही, तरी सेवा थांबते, ती मार्च 2024 पर्यंत.

परत या आता. ही गाडी चालते, कारण एके काळच्या रेल्वेची जमीन मोकळी राहिली होती. पण वेळापत्रकात शनिवार, रविवार आणि सुट्टीचे दिवसच आहेत. मठ पाहायला येणाऱ्यांना तेवढं पुरतं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी दवाखान्याचं काम निघतं ते मंगळवारी.