चाळीतील ओल आणि मुंबईची मोकळी हवा

इ. स. १८९६ चा पावसाळा ओसरत असताना मुंबईच्या मांडवी भागात ताप आणि गाठी येऊन माणसे दगावू लागली. सप्टेंबरमध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, असल्याचे निदान केले.

मांडवी म्हणजे धान्याची कोठारे आणि त्यांना खेटून उभ्या असलेल्या चाळी. एकेका खोलीत एकेक कुटुंब. तिथेच चूल, तिथेच मोरी, आणि पावसाळ्यात ओले कपडेही तिथेच. कित्येक खोल्यांना खिडकीच नव्हती. घाण, अंधार आणि कोंदट ओल हेच रोगाचे मूळ, अशी अधिकाऱ्यांची धारणा होती. म्हणून गटारे समुद्राच्या पाण्याने धुण्यात आली, भिंतींना चुना फासला गेला, जमिनी उखणल्या गेल्या, ऊन आत यावे म्हणून छपरांवरची कौलेही उतरविली गेली. जी घरे मनुष्यवस्तीस अयोग्य ठरली, त्यांच्यावर ‘यू. एच. एच.’ ही अक्षरे रंगविली गेली.

१८९८ साली शहराच्या पुनर्रचनेसाठी कायद्याने ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यकाने प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, असे दाखविले. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेतील संशोधनाने ते पक्के झाले. प्लेगपुरता ओलीवरील आरोप टिकला नाही.

तरीही ट्रस्टची दृष्टी सर्वस्वी चुकीची नव्हती. श्वास, स्वयंपाक आणि धुणे यांतून बंद खोलीत बाष्प साठते. ते थंड भिंतीवर बसले की बुरशी धरते. पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असल्याने केवळ खिडकी उघडून भिंत कोरडी होत नाही हे खरे. पण धूर, वाफ आणि क्षयाचे जंतू वाहून नेण्यास वाहत्या हवेसारखा उपाय नाही. पश्चिमेचा समुद्रवारा दाट वस्तीत शिरावा या हेतूने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढण्यात आले. ट्रस्टचे अध्यक्ष जेम्स ऑर यांनी १९१२ साली साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम आग्रहाने मांडला. त्याचा व्यवहारी अर्थ सोपा आहे : समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निदान निम्मी मोकळी जागा खोलीपुढे असावी.

परंतु वारा आत आणण्यासाठी घरे पाडली गेली, आणि त्यांतली माणसे जाणार कोठे, हा प्रश्न मागे पडला. पाडलेल्या खोल्यांच्या मानाने नव्या खोल्या दीर्घकाळ अपुऱ्याच राहिल्या. नव्या खोल्यांचे भाडेही सर्वांना पेलणारे नव्हते. विस्थापित कुटुंबे शेजारच्या चाळींत शिरली. एका खोलीत दोन बिऱ्हाडे झाली. माणसे वाढली तशी वाफ वाढली, धूर वाढला आणि जुनी ओल नव्या पत्त्यावर गेली. १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. प्रश्न मात्र विलीन झाला नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबईच्या पूर्व भागातील, एकमेकींना खेटून बांधलेल्या पुनर्वसन-इमारतींमधील क्षयाचा संबंध पुन्हा अपुऱ्या उजेडाशी आणि हवेशी जोडला गेला.

खिडकीचे माप नियमाने ठरविता येते. त्या खिडकीमागे किती माणसांनी राहावे, हे मात्र त्यांना परवडणाऱ्या घरांच्या संख्येवर ठरते. मुंबईच्या चाळींचा इतिहास सांगतो तो एवढाच : हवेचा विचार माणसांच्या निवाऱ्यापासून वेगळा काढला, की दोन्ही हातचे जातात.