मणक्यातील गादी सरकणे

कण्याच्या मणक्यांमधील कूर्चेची चकती फुगून किंवा फाटून मज्जातंतूची मुळे दाबली जाण्याचा विकार. नाव जरा फसवेच: गादी जागची हलत नाही, तिचे चिवट कडे फाटते आणि आतला मऊ गर बाहेर डोकावतो.

कण्यात अशा २३ चकत्या असतात. कमरेत बहुधा तळाच्या दोन बिघडतात. वाकून भरलेली बादली उचलावी आणि कळ ढुंगणातून पोटरीमार्गे थेट पावलात उतरावी, शिंकेसरशी ती आणखी चमकावी, ही सायटिकाची ओळख. आयुर्वेदातील गृध्रसी ती हीच. नुसती उसण भरली तर दुखणे सहसा कमरेपाशीच थांबते.

पूर्वी शस्त्रक्रियेत सापडणारा हा गर गाठ समजला जाई. १९३४ साली बॉस्टनच्या विल्यम मिक्सटर आणि जोसेफ बार यांनी तो फाटलेल्या गादीचाच असल्याचे दाखवले.

बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत शस्त्रक्रियेविना सुधारतात; पुष्कळदा गर शरीरातच जिरतो. अंथरूण धरण्यापेक्षा झेपेल तेवढे चालणे, वेदनाशामके आणि पुढे व्यायाम उपयोगी. एमआरआयमध्ये फुगलेली गादी निरोगी माणसांतही दिसते, तेव्हा अहवाल वाचून धसका घेऊ नये. मात्र लघवी अडणे, शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा किंवा पायातील वाढती दुर्बलता दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.