शिष्यत्व : ख्रिस्ती मंडळीचे मूळ कार्य

यवतमाळ शहरालगतच्या लोहारा परिसराला ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे एक मोठे केंद्र दीर्घकाळ अगदी जवळ होते. 'युनियन बिब्लिकल सेमिनरी' ही संस्था १९५३ मध्ये यवतमाळ येथे स्थापन झाली. सुमारे तीस वर्षे येथे पाळक व धर्मशिक्षक तयार झाले. १९८३ मध्ये ही संस्था पुण्यातील बिबवेवाडी येथे गेली. विद्यालय दुसरीकडे जाऊ शकते. स्थानिक मंडळी मात्र जागच्या जागीच राहते. शिष्य घडविण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न त्यामुळे केवळ धर्मशास्त्राचा राहत नाही. नव्या कराराचे उत्तर स्पष्ट आहे : ती संपूर्ण मंडळीची आहे.

आज्ञेचा अर्थ

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायाच्या अखेरीस येशू ख्रिस्ताने आपल्या अनुयायांना दिलेली आज्ञा या विषयाचा पाया आहे. तीत जाणे, शिष्य करणे, बाप्तिस्मा देणे आणि शिकविणे अशा चार क्रिया येतात. मूळ ग्रीक वाक्यरचनेत मुख्य आज्ञार्थी क्रियापद 'शिष्य करा' हेच असून उरलेल्या तीन क्रिया त्याच्या आधाराने येतात. बाप्तिस्मा हा या कार्याचा आवश्यक भाग आहे, पण त्याने कार्य संपत नाही. शिकवावयाचे तेही केवळ माहिती म्हणून नव्हे, तर आचरणात आणण्यासाठी, असे त्या आज्ञेत म्हटले आहे.

'मॅथेतेस' या ग्रीक शब्दाचा अर्थ शिकणारा असा आहे. गुरूच्या सहवासात राहून त्याची जीवनरीत अंगी बाणविणारा, हा भाव त्यात अभिप्रेत आहे. गुरुशिष्य परंपरा परिचित असलेल्या मराठी वाचकास ही कल्पना परकी वाटत नाही. एक भेद मात्र महत्त्वाचा आहे. त्याच शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात येशू आपल्या अनुयायांना स्वतःस गुरू म्हणवून घेण्यास मनाई करतो. पाळक वा उपदेशक स्वतःचे शिष्य जमवीत नाही. तो इतरांना ख्रिस्ताचे शिष्य होण्यास साह्य करतो.

महाराष्ट्रातील अनुभव

अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगर येथे सुरू झाले. १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघाले. प्रारंभी मंडळीत येणाऱ्यांची संख्या अल्प होती. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर अहमदनगर जिल्ह्यात अनेक कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला, आणि संख्या व शिक्षण यांतील अंतर वाढले. निरक्षर सभासदांपर्यंत शास्त्र पोहोचवावे कसे, हा प्रश्न उभा राहिला. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी त्यासाठी कीर्तनाचा आश्रय घेतला.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी हा प्रश्न अधिक खोलवर नेला. नागपूर व राजनांदगाव येथील वास्तव्यानंतर १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगर येथे अध्यापन, पद्यरचना आणि 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी केले. मंडळी मिशनच्या आर्थिक आश्रयाखाली राहिली, तर ख्रिस्ताची ओळख परकीयच राहील, हे त्यांना जाणवू लागले. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे दोन्ही प्रकारचे शिष्य त्यात बंधुभावाने एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना होती.

ही कल्पना निर्विवाद नव्हती. बाप्तिस्म्याविना शिष्यत्व पूर्ण होते काय, अशी शंका परंपरानिष्ठ ख्रिस्ती विचारात स्वाभाविक होती. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाल्याने दरबारास स्थिर रूप येऊ शकले नाही. तरीही नोंदवहीतील सभासद आणि ख्रिस्ताचा शिष्य हे एकच असतात काय, हा त्यांचा प्रश्न टिकून राहिला. टिळकांचे चरित्रकार जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये स्थापन केलेल्या 'ख्रिस्त सेवा संघा'ने प्रार्थना, साधे राहणे आणि सहजीवन यांतून शिष्यत्वाचा असाच शोध पुढे नेला.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी दुसरी वाट दाखविली. सामान्य स्त्रियांना स्वतः शास्त्र वाचता यावे, म्हणून त्यांनी सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. १९२२ मध्ये त्यांच्या निधनापूर्वी ते काम पूर्ण झाले होते. शिष्य होण्यासाठी शास्त्र आपल्या भाषेत समजले पाहिजे, हा त्यामागील विचार होता.

स्थानिक मंडळीपुढील कार्य

या वारशाचे नूतनीकरण मोठ्या सभांपेक्षा लहान गोष्टींवर अधिक अवलंबून असते. बाप्तिस्म्यापूर्वी जेवढी तयारी, तेवढीच त्यानंतर सोबत. चारसहा कुटुंबांनी घरी जमून शुभवर्तमानाचे क्रमशः वाचन. अनुभवी सभासदाने एकदोन नवागतांची जबाबदारी घेणे. शब्बाथ शाळा व कुटुंबप्रार्थना यांना उपासनेइतकेच महत्त्व देणे, ही त्याची परिचित साधने आहेत. यवतमाळ जिल्ह्यात मराठीबरोबर गोंडी, कोलामी व बंजारा बोलीही घरांत बोलल्या जातात. उपदेश मराठीत आणि प्रार्थना घरच्या बोलीत, असे घडणे येथे अस्वाभाविक नाही.

शिष्यत्वाची कसोटी मंदिराबाहेर लागते. शेतकरी आत्महत्यांमुळे हा जिल्हा देशभर चर्चेत राहिला. कर्ता पुरुष गमावलेल्या घरी धान्य पोहोचविणे, मुलांच्या शाळेची चौकशी करणे, कागदपत्रांसाठी तहसील कार्यालयात सोबत जाणे, हे शिष्याचे काम होय. मात्र ही सेवा कोणत्याही अटीविना व्हावयास हवी. राज्यघटनेचा पंचविसावा अनुच्छेद धर्माचरण व प्रसाराचे स्वातंत्र्य देतो. त्याच वेळी दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क त्यातून मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले. मदतीच्या मोबदल्यात मिळविलेला होकार कायद्याच्या दृष्टीने अडचणीचा ठरू शकतो. शुभवर्तमानाच्या दृष्टीने तर तो शिष्यत्व नव्हेच.

म्हणूनच मंडळीने आपला वार्षिक अहवाल तयार करताना बाप्तिस्म्यांच्या आकड्याजवळ आणखी एक प्रश्न लिहावा : गेल्या वर्षी बाप्तिस्मा घेतलेल्यांपैकी आज कोणाची सोबत कोण करीत आहे? त्यापुढे नावे लिहिता आली, तर शिष्य करण्याची आज्ञा तेथे पाळली जात आहे, असे म्हणता येईल.