वनांचे नकाशे : दप्तरांतून गांवाकडे

शेताची हद्द बांधावरून ओळखतां येते. वनाची हद्द मात्र उघड्या डोळ्यांना दिसत नाहीं. सागाचीं झाडें रेषेच्या अलीकडे असतात तशींच पलीकडेहि असतात. मग सरकारी वन कोठें संपतें आणि गांवाची जमीन कोठें सुरू होते, हें ठरविण्यास नकाशाचाच आधार घ्यावा लागतो. हा नकाशा कोणीं काढला, तो कोणाच्या दप्तरांत राहिला आणि सामान्य माणसास तो केव्हां पाहावयास मिळाला, हा आपल्या देशांतील वनांच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा भाग आहे.

मुंबई इलाख्यांत १८३५ सालापासून इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं जमिनीची नवी मोजणी सुरू केली. साखळी धरून शेतें मोजलीं गेलीं, प्रत्येक तुकड्यास सर्व्हे नंबर मिळाला आणि गांवोगांवचे नकाशे तयार होऊं लागले. परंतु या मोजणीचें लक्ष साऱ्याकडे होतें. जेथें नांगर चालतो तेथील नोंद बारकाईनें झाली. जेथें गुरें चरतात, मोहाचीं फुलें वेंचलीं जातात आणि डोंगरउतारावर नाचणी पेरली जाते, तेथील वहिवाट कागदावर फारशी उतरली नाहीं.

पुढें लोहमार्ग आले. रुळांखालच्या स्लीपरांसाठीं लांकडाची मागणी वाढली आणि १८६४ सालीं डीट्रिच ब्रँडिस या जर्मन वनतज्ज्ञाच्या हाताखालीं सरकारी वनखातें उभें राहिलें. १८७८ च्या कायद्यानें राखीव व संरक्षित असे वनांचे वर्ग पाडले. वन राखीव करण्यापूर्वीं जाहीरनामा काढावा आणि निदान तीन महिन्यांच्या मुदतींत लोकांनीं आपले हक्क सांगावे, अशी व्यवस्था होती. मुदतींत न सांगितलेला हक्क बहुधा बुडत असे. ज्यानें नकाशा कधीं पाहिलाच नव्हता, त्यास आपलें शेत किंवा आपला पाणवठा रेषेच्या आंत गेला हें कळण्यासच कित्येकदां उशीर होई. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी इतक्या वाढल्या कीं, १८८५ सालीं सरकारला चौकशीमंडळ नेमावें लागलें. १९३० सालीं लोकनायक बापूजी अणे यांनीं पुसदजवळ राखीव वनांतील गवत कापून कायदा मोडला. त्याच वर्षीं २५ सप्टेंबरास उरणजवळ चिरनेर येथें सत्याग्रहींवर गोळीबार झाला. कागदावरील एका रेषेची किंमत लोकांनीं अशी मोजली.

स्वातंत्र्य आलें तरी नकाशे लगेच मोकळे झाले नाहींत. सीमेजवळचे व किनाऱ्यालगतचे सविस्तर नकाशे संरक्षणाच्या कारणास्तव खुल्या विक्रीस नसत. २००५ च्या राष्ट्रीय धोरणानें लोकांसाठीं एक व संरक्षणासाठीं एक अशा नकाशांच्या दोन माला वेगळ्या केल्या. २००९ सालीं अवकाश संशोधन संस्थेनें 'भुवन' या नांवानें उपग्रहचित्रें संगणकावर सर्वांसाठीं खुलीं केलीं. २०१७ सालीं भारतीय सर्वेक्षण खात्याचे पुष्कळसे नकाशे विनामूल्य मिळूं लागले, आणि २०२१ सालीं उरलेले निर्बंधहि बरेच सैल झाले.

परंतु नकाशा हातीं आला म्हणजे वन समजलें असें नाहीं. डेहराडून येथें १९८१ सालीं भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था स्थापन झाली व १९८७ पासून तिचे अहवाल निघत आहेत. एक हेक्टर वा अधिक जागेवर शेंकडा दहाहून जास्त छाया असली कीं, ती जमीन कोणाचीहि असो, ही संस्था तिला वनाच्छादन म्हणते. त्यामुळें एखादी मोठी आंबराईहि त्यांत मोजली जाते. २०२३ च्या अहवालांत असें आच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर दाखविलें आहे. सरकारी दप्तरांत वन म्हणून नोंदलेली जमीन मात्र सुमारें पावणेआठ लक्ष चौरस किलोमीटर आहे. हीं दोन वनें एक नव्हेत. झाडी कोठें आहे हें उपग्रहचित्र सांगतें. कायद्याची हद्द राजपत्रांतील अधिसूचनेंत व वनखात्याच्या नकाशांत असते. आणि सर्व्हे नंबर पाहावयाचा तर भूमिअभिलेखांतील गांवनकाशाच उघडला पाहिजे. तिन्ही एकमेकांवर ठेवून पाहिल्याशिवाय निर्णय देणें धोक्याचें ठरतें.

हा धोका २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर विशेष जाणवूं लागला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीं आदिवासी कुटुंब वनजमीन कसत होतें असें ठरलें, तर त्या जमिनीवर त्याचा हक्क मान्य होतो. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाचीं त्या काळचीं चित्रें २००८ पासून फुकट मिळतात. परंतु त्यांतील एक चौकोन तीस मीटर लांबरुंद, म्हणजे सुमारें नऊ गुंठ्यांचा असतो. अर्ध्या एकराचें नाचणीचें शेत त्यांत जेमतेम दोन चौकोनांत मावतें. भोंवतीं झाडी असल्यास तेंहि ओळखूं येत नाहीं. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहाच्या फुकट चित्रांत चौकोन जवळजवळ एका गुंठ्याएवढा असतो; पण तीं चित्रें २०१५ पासूनचीं आहेत. म्हणजे नजर तीक्ष्ण झाली ती प्रश्नाची मुदत उलटल्यानंतर!

म्हणूनच या कायद्याच्या २०१२ मध्यें सुधारलेल्या नियमांनीं उपग्रहचित्रास पूरक पुराव्याचें स्थान दिलें. इतर पुराव्यांच्या जागीं तें येऊं शकत नाहीं. वृद्धांचा लेखी जबाब, जुन्या विहिरी, बांध, स्मशानभूमि आणि देवस्थानें हाहि पुरावाच होय. शिवाय ग्रामसभेस वनखात्याचे व महसुलाचे नकाशे पुरवावे, असें नियमच सांगतो. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवास २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, तेव्हां पूर्वीं दप्तरांत ठरणारी हद्द गांवाच्या बैठकींत बोलली जाऊं लागली.

दीडशें वर्षांपूर्वीं मोजणीदार साखळी घेऊन डोंगरांत गेला, तेव्हां गांवकऱ्याची साक्ष फारशी विचारली गेली नाहीं. आज नकाशा गांवकऱ्याच्या हातीं येऊं शकतो. तो घेऊन ग्रामसभेच्या समितीनें एखाद्या वृद्धाबरोबर हद्द पायीं चालावी, त्यानें दाखविलेली विहीर व बांध नकाशावर मांडावे, आणि जेथें दोहोंचा मेळ बसत नाहीं तेथें थांबून पुन्हां विचारावें. रेषा तेवढीच राहील. पण ती कोणावर अन्याय करीत आहे कीं काय, हें तरी वेळींच कळेल.