ग्वादालकासारची नगरसभा आणि मुक्त व्यापाराचा करार

‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण आपण बाळपणापासून ऐकत आलो आहोत. मेक्सिको देशातील एका गावाने रावाला, म्हणजे तेथील संघसरकारला, न जुमानता एक निर्णय घेतला. परंतु त्या रावाच्याही वर आणखी एक आसन मांडले गेले आहे, ह्याची जाणीव त्या गावाला फार उशिरा झाली. ही हकीकत आमच्या वाचकांस सांगावी असे वाटण्याचे कारण इतकेच, की व्यापाराचे करार म्हणजे जकातीचे दर ठरविणारे कागद, अशी जी समजूत आपल्यात रूढ आहे, ती आता जुनी झाली आहे.

सान लुइस पोतोसी ह्या राज्यातील ग्वादालकासार नावाच्या मुनिसिपियोच्या, म्हणजे आपल्या बोलीत नगरपालिकेच्या, हद्दीत ला पेद्रेरा हे एक खोरे आहे. मुख्य गावापासून ते सुमारे ७० किलोमीटर दूर. भोवतालच्या दहा किलोमीटरांत वस्ती जेमतेम आठशे माणसांची. कोतेरिन नावाच्या मेक्सिकन कंपनीने तेथे कारखान्यांतील विषारी कचरा आणून टाकण्यास आरंभ केला. कोणतीही प्रक्रिया न केलेला सुमारे २०,००० टन कचरा तेथे साचल्यावर १९९१ मध्ये संघसरकारने ती जागा बंद केली. कोतेरिनला तेथेच कचरा पुरण्याची कायमची जागा बांधावयाची होती. नगरसभेने १९९१ मध्ये व पुन्हा १९९२ मध्ये परवाना नाकारला. ह्या दोन नकारांचे स्मरण वाचकांनी ठेवावे, कारण पुढील घटना त्यांवाचून समजणार नाहीत.

१९९३ मध्ये संघसरकारने बांधकामाची व राज्याने जमीनवापराची परवानगी दिली, आणि त्याच वर्षी अमेरिकेतील मेटलक्लॅड कंपनीने कोतेरिन विकत घेतली. १ जानेवारी १९९४ रोजी अमेरिका, कॅनडा व मेक्सिको ह्यांच्यातील उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करार अमलात आला. मे महिन्यात बांधकाम सुरू झाले. ऑक्टोबरात नगरपालिकेने ते थांबविण्याचा हुकूम काढला. आमचा परवाना कोठे आहे, एवढेच तिचे म्हणणे. कंपनीने नोव्हेंबरात अर्ज केला खरा, पण उत्तराची वाट न पाहता काम चालू ठेवले. संघसरकारचे अधिकारी आपणांस म्हणाले होते की नगरपालिकेला नकार देण्याचा अधिकारच नाही, असे ती पुढे सांगत राहिली. मार्च १९९५ मध्ये उद्घाटनाचा समारंभ निदर्शकांच्या गर्दीत अडकला. नंतर कंपनीने संघसरकारशी एक समझोता केला: पहिल्या तीन वर्षांत जुना कचरा निस्तरावयाचा, चौतीस हेक्टर जमीन स्थानिक वनस्पतींसाठी राखावयाची, गावकऱ्यांस वैद्यकीय सल्ला विनामूल्य द्यावयाचा. समझोता वाईट नव्हता. पण ज्यांच्या दारात हा कचरा राहावयाचा होता, त्यांची त्यावर सही नव्हती. ५ डिसेंबर १९९५ रोजी, अर्जानंतर तब्बल तेरा महिन्यांनी, नगरसभेने परवाना नाकारला.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ज्या सभेत हा ठराव झाला, तिची सूचना कंपनीला दिली गेली नव्हती. आपल्याकडील जुन्या गोतसभासुद्धा दोन्ही पक्षांस समोर बसवून त्यांचे ऐकून घेत. ग्वादालकासारने ते केले नाही, हा दोष आम्ही झाकू इच्छीत नाही. मात्र त्याच गोतसभांपुढे वादी-प्रतिवादी आधी राजीनामा लिहून देत, की होईल तो निवाडा आम्हांस मान्य आहे. पुढे जो निवाडा झाला, त्यासाठी ग्वादालकासारने असा कोणताही राजीनामा दिलेला नव्हता.

कराराच्या अकराव्या प्रकरणाने परदेशी गुंतवणूकदाराला स्वतःच्या नावाने दुसऱ्या देशाच्या सरकारला लवादापुढे खेचण्याचा हक्क दिला होता. जानेवारी १९९७ मध्ये मेटलक्लॅडने तो वापरला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात मावळते राज्यपाल (तेथे हे पद लोकनिर्वाचित असते) ओरासिओ सांचेस उन्सुएता ह्यांनी आपली मुदत संपण्यास तीन दिवस उरले असता, दुर्मिळ निवडुंगांच्या रक्षणासाठी तो प्रदेश संरक्षित असल्याचा फतवा काढला. हेतू निवडुंगांचा की कचऱ्याचा, ह्याविषयी तर्क करणे कठीण नाही.

सर एलिहू लाउटरपाक्ट, अमेरिकेचे माजी महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी आणि मेक्सिकोचे होसे लुइस सिकेइरोस ह्या तिघांच्या लवादाने ३० ऑगस्ट २००० रोजी निवाडा दिला: मेक्सिकोने १ कोटी ६६ लक्ष ८५ हजार डॉलर द्यावेत. परंतु रकमेपेक्षा तर्क महत्त्वाचा आहे. घातक कचऱ्याबाबत संघसरकारचा शब्द अखेरचा. नगरपालिकेने फार तर इमारतीच्या बांधणीतील दोष पाहावेत, असे लवादाने ठरविले. मेक्सिकोच्या राज्यघटनेचे ११५ वे कलम जमीनवापर व बांधकामाचे परवाने नगरपालिकांच्या हाती देते. त्या कलमाचा अर्थ मेक्सिकोच्या न्यायालयाने नव्हे, तर ह्या तिघांनी लावला, आणि नगरपालिका त्यांच्यापुढे पक्षकार म्हणून उभीदेखील नव्हती. करारात सही राष्ट्राची, म्हणून उत्तरही राष्ट्राने द्यावयाचे. शिवाय मालमत्तेच्या अपेक्षित लाभात मोठी बाधा आली तरी ते संपत्तिहरणच, त्यामागील हेतू पाहण्याचे कारण नाही, अशी व्याख्या करून त्यांनी राज्यपालांचा फतवाही त्यात बसविला.

लवादाचे कायदेशीर स्थान व्हँकूव्हर असल्याने मेक्सिकोने ब्रिटिश कोलंबियाच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायमूर्ती टायसो ह्यांनी मे २००१ मध्ये नगरपालिकेविषयीचा भाग रद्द केला, कारण लवादाने अकराव्या प्रकरणाबाहेरची बंधने त्यात आणली होती. फतव्याविषयीचा निर्णय मात्र टिकला. व्याजाची तारीख पुढे गेल्याने रक्कम सुमारे १ कोटी ५६ लक्षांवर आली. म्हणजे ग्वादालकासार कागदोपत्री सुटले, पण पैसे द्यावेच लागले.

ज्याच्या खजिन्यातून पैसा जातो, तो पुढच्या वेळी गप्प कसा बसेल? कॅनडात न्यूफाउंडलंड व लॅब्राडोर ह्या प्रांताने २००८ मध्ये ॲबिटिबीबोवॉटर ह्या कागद कंपनीचे जल व वनहक्क कायद्याने काढून घेतले. २०१० मध्ये संघसरकारने १३ कोटी कॅनेडियन डॉलर देऊन तंटा मिटविला आणि प्रांताकडून ते मागितले नाहीत. परंतु पंतप्रधान हार्पर ह्यांनी तेव्हाच बजावले, की पुढे असे झाल्यास प्रांतांकडून वसुली करण्याची व्यवस्था केली जाईल. अशा वेळी कायदा करण्यापूर्वी प्रांताचा मंत्री मतदाराकडे आधी पाहील की राजधानीकडे, हे सांगणे नको.

१ जुलै २०२० रोजी त्या कराराची जागा नव्या कराराने घेतली. कॅनडापुरता गुंतवणूकदाराचा हा हक्क त्यात उरला नाही, मेक्सिकोपुरता तो पुष्कळ आकुंचित झाला.

आपल्या राज्यघटनेचे २५३ वे कलम परराष्ट्रांशी झालेले करार अमलात आणण्यासाठी राज्यांच्या विषयांवरही कायदे करण्याची मुभा संसदेला देते. दुसरीकडे १९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती व नगरपालिकांना घटनेत स्थान दिले. भारत सरकारने २०१५ मध्ये गुंतवणूक-करारांचा जो नवा नमुना तयार केला, त्यात स्थानिक शासनसंस्थांची कृत्ये, ग्रामपातळीवरच्या संस्थांसह, कराराच्या कक्षेबाहेर ठेवली आहेत. राज्य सरकारांना ती सवलत दिलेली नाही.