गोळी सुरू आहे, मग अंग का दुखतं?



“थायरॉईडची गोळी सुरू करून महिना झाला, तरी मांड्या-पोटऱ्या दुखतातच. मग ती घ्यायची तरी कशाला?” बचत गटाच्या बैठकीत हा प्रश्न वरचेवर येतो. काहीजणी गोळी मनानेच बंद करतात. म्हणून आज या दुखण्याचा इतिहास सांगते.

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या बाजूची, फुलपाखराच्या आकाराची छोटी ग्रंथी. तिचा रस कमी पडला की सगळं शरीर मंदावतं. १८७३ साली लंडनमध्ये विल्यम गल या डॉक्टरांनी अशा आजारी स्त्रियांचं वर्णन सहकाऱ्यांपुढे मांडलं. सुजलेला चेहरा, संथ हालचाल, जड बोलणं. पण कारण सापडलं नव्हतं. पुढे १८८३ मध्ये स्वित्झर्लंडचे शल्यचिकित्सक थिओडोर कोखर यांनी सांगितलं, की गलगंडासाठी ज्यांची पूर्ण ग्रंथी काढली, त्यांनाही असाच थकवा येतो, हातपाय जड होतात. म्हणजे दोष बाईच्या आळसाचा नव्हता, ग्रंथीचा होता.

उपाय निघाला १८९१ मध्ये. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. ती सुधारली. पुढे हाच अर्क ती तोंडाने घेऊ लागली आणि ७४ व्या वर्षापर्यंत जगली. त्यासाठी ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या! अठ्ठावीस वर्षं तिने औषध सोडलं नाही, हे लक्षात ठेवा.

आता स्नायूंकडे येऊ. १८९७ मध्ये जर्मनीतल्या योहान हॉफमन यांनी नोंदवलं, की ग्रंथी काढलेल्या रुग्णाचे स्नायू ताठरतात आणि आखडल्यावर लवकर सैल होत नाहीत. थायरॉईडचा रस नसला की स्नायूंना ताकद पुरवण्याचं काम मंदावतं. म्हणून जिना चढताना मांड्या भरतात, खाली बसल्यावर हाताचा आधार घेऊन उठावं लागतं, पेटके येतात. आपण त्याला ‘वात’ म्हणून तेल चोळत बसतो.

१९१४ मध्ये अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी या रसातलं मुख्य द्रव्य, थायरॉक्सिन, वेगळं काढलं. १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार करता आलं. आज मेंढीची गरज नाही. तेच द्रव्य आपल्या छोट्या गोळीत असतं. पण ते रक्तात हळूहळू साठतं, म्हणून मात्रा बरोबर आहे की नाही हे सहसा सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासून ठरवतात. स्नायू सावरायला त्याहून जास्त, कधी कित्येक महिने लागतात. महिन्याभरात दुखणं गेलं नाही म्हणजे गोळी वाया गेली असं नाही.

तोवर काय करायचं? गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या, चहा निदान अर्ध्या तासानंतर. रक्तवाढीची किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांच्या अंतराने घ्या, नाहीतर थायरॉईडची गोळी नीट अंगी लागत नाही. रोज थोडं चाला, गरम पाण्याने शेका; पण एकदम जड हंडे उचलू नका. दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून खात बसू नका. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, तिच्यानेही स्नायू दुखू शकतात. तपासणीत थायरॉईड ठीक येऊनही दुखणं राहिलं, तर ‘ड’ जीवनसत्त्वासारखी दुसरी कारणं शोधायला सांगा. लघवी चहासारखी गडद झाली किंवा उठता-बसता येईनासं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि घरच्यांनाही हे ऐकवा. सून बसून राहते म्हणून बोल लावण्याआधी तिची रक्ततपासणी झाली आहे का, ते विचारा.